माहेरची कल्हई

नवस मी नेहमी हळू बोलते. देवीला ऐकू गेलं म्हणजे झालं, घरातल्यांना कशाला? पण शेजारच्या शालूसाठी बोलले तो नवस मात्र ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात, चार बायकांच्या देखत, चांगला मोठ्यानं बोलले होते. "आई, हिचं मूल हिच्या मांडीवर खेळू दे. हातपाय चालतायत तोवर दर वर्षी तुला आंबील आणीन, मडक्यातली." मडक्यातली, असं मुद्दाम म्हटलं. शेजारची एक बाई हसलीसुद्धा. "माई, पातेलं मोडीत घातलंत का काय?"

का तसं बोलले, ते आमच्या अण्णांच्या तोंडून ऐकायला हवं. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, पेन्शनीत निघालेले मास्तर. रात्रीची जेवणं झाली की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर पोरं त्यांना घेरतात आणि भुताची गोष्ट मागतात. अण्णा सुपारी कातरत म्हणतात, "भुताची मला येत नाही. कृष्णातची येते."

"म्हणजे आपला दूधवाला?" माझी पुतणी प्रमोदिनी दर खेपेला विचारते.

"तोच. सकाळी रतीब घालायला आला की विचार त्याला, खोटं असलं तर. पण कंदील मोठा करू नका. आणि मधे कुणी हसायचं नाही."

तर अण्णा सांगतात ते असं. मला माहीत असलेलं मी मधेमधे घालते. ते त्यांना चालतं.

कृष्णात आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहतो. त्याची पहिली बायको तानाबाई, पेठ वडगावची. तिथल्या बाजारात तिच्या भावाचं, गुंडूचं, भांड्यांचं दुकान आणि मागच्या बाजूला कल्हईची भट्टी. लग्नात गुंडूनं बहिणीला पितळेचं मोठं पातेलं दिलं, आतून चांदीसारखं झळझळीत. ताना ते कुणाला हात लावू द्यायची नाही.

मूल राहीना तेव्हा सासूनं, झुंबरबाईंनी, तिला रेणुकेची आंबील लावून दिली. रोज जोंधळ्याचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवून देवीला दाखवायचं, आणि उरेल ते नवसकरणीनंच संपवायचं. दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. झुंबरबाईंकडे त्यासाठी पूर्वापार मडकं होतं. पण घरात माहेरचं असं पातेलं असताना देवीला मातीचं कशाला? तानानं हौसेनं पातेलं काढलं. कल्हई उडाली की ते वडगावलाच जायचं. म्हणायची, "माई, देवीचं भांडं हाय. त्याला माझ्या भावाचाच हात लागू दे."

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मूल राहायचं आणि जायचं. पोटात अशा कळा यायच्या की चुलीपुढे दुमडून पडायची. तोंडावरचं रक्त आटलं. हिरड्यांच्या कडेला काळीनिळी रेघ आली. ती कुणी मनावर घेतली नाही, कारण ताना मिश्री लावायची, आणि मिश्रीनं कुणाच्या हिरड्या काळ्या होत नाहीत? मग हात गेले. हात पुढे केले की मनगटापासून पंजे खाली लोंबायचे, ओल्या फडक्यासारखे. भाकरी थापता येईना, कुंकू लावता येईना. "हातावरनं वारं गेलंय, माई," म्हणाली आणि रडू झाकायला पदर उचलायला गेली, तर पदरही उचलेना. मीच तिच्या तोंडाला पदर लावला.

झटके येऊन गेली बिचारी.

वर्ष उलटल्यावर कृष्णातनं दुसरं लग्न केलं. शालू, गारगोटीची. आईबाप नाहीत, भाऊ नाही. आपल्यात रीतच आहे, दुसरेपणावर आलेली मुलगी ही पहिलीच्या भावाची बहीण. गुंडू लग्नाला आला, लुगडं-चोळी घेऊन. सगळ्यांसमोर म्हणाला, "ताना गेली, पण माझी भैण गेली न्हाई. ही बी भैणच. हिचं म्हायेर वडगाव." शालू हमसून हमसून रडली. आम्हीही रडलो. किती चांगला माणूस, असंच सगळ्यांना वाटलं.

आणि तेच पातेलं, तीच आंबील शालूच्या हाती आली.

तिचं पहिलं मूल राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला चौथा महिना लागला आणि पोटात कळा सुरू झाल्या. झुंबरबाई देवापुढे डोकं आपटायच्या. "ह्ये तरी ठेव, आई. ह्ये तरी ठेव."

अण्णांची खरी गोष्ट इथून सुरू होते.

सन त्रेपन्न. मार्गशीर्षातली संकष्टी. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर रेणुकेच्या आंबिलीची जत्रा होती, म्हणून पातेलं आधीच वडगावला कल्हईला दिलेलं. ते आणायचं आणि येताना म्हशींसाठी सरकीची पेंड घ्यायची, एवढंच काम. कृष्णात सकाळीच गाडी जुंपून निघाला.

गुंडूनं पातेलं पुढ्यात ठेवलं. त्यात तोंड दिसत होतं.

"बघा दाजी. आरसा हाय आरसा! शालूताईला म्हणावं, भांग पाडायला बी चालंल."

"पावणं, तुमच्या हाताला तोड न्हाई," कृष्णात म्हणाला.

जेवायला आत बसला. गुंडूच्या बायकोनं, चिमणाबाईनं, आंबील वाढली. वाढली ती मडक्यातून. कृष्णातला हसू आलं. "भांड्याचं दुकान दारात आन् घरात मडकं! वैनी, गिऱ्हाइकं बघतील की."

चिमणाबाई हसली नाही. "शालूताई बरी हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"पोटात दुखतंय म्हणती."

तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"गर्भारपणात दुखायचंच," गुंडू म्हणाला. "वाढ तू."

निघायला कृष्णातला दिवस कलला. टोप गाव मागं पडेपर्यंत अंधार झाला. संकष्टीचा चंद्र नऊच्या पुढे होता. इकडे मी ताटं झाकून बसले होते म्हणून पक्कं आठवतं. गाडीखाली कंदील झुलत होता. थंडी मरणाची. रस्त्यावर दुसरी गाडी नाही.

शिरोलीच्या माळावर, बाभळीपाशी, एक बाई बसलेली दिसली. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. बैल आपोआप थांबले.

"कोल्हापूरला जाताय न्हवं?"

"व्हय. बसा मागं. पेंडीच्या पोत्याला टेकू नगा, उसवलंय त्ये."

बाई मागं बसली. गाडी जराही दबली नाही, हे कृष्णातच्या नंतर ध्यानात आलं.

"कंच्या पेठंतल्या तुम्ही?"

कृष्णातनं बैलांना हाक दिली.

"एकल्याच रातच्या? घरचं न्हाई का कोण संगं?"

"बसा मग मुक्यानं. बैलं बी मुकीच हाईत माझी," कृष्णात स्वतःशीच हसला आणि त्यानं विडी पेटवली.

थोडं अंतर गेलं.

खर्र...

त्याला वाटलं, चाकात काटकी अडकली.

खर्र... खर्र...

आवाज मागून होता. गाडीतून. पितळेवर काही घासावं तसा.

"बाई, त्या पातेल्याला हात लावू नगा. देवीचं हाय."

आवाज थांबला. मग बाई बोलली. पण तो आवाज घुमला... विहिरीत बोलल्यासारखा.

"हात... कुठं उचलत्यात माझं?"

कृष्णातच्या तोंडातली विडी खाली पडली.

इथं अण्णा थांबतात. सुपारी तोंडात टाकतात. प्रमोदिनी माझ्या मांडीला चिकटते. पोरांतलं एखादं म्हणतं, "अण्णा, पुढं नको," आणि बाकीची त्याला गप्प करतात.

बैल थांबले. कृष्णातनं हाकललं नाही. पूर्वेला माळाच्या कडेवर चंद्र आला. पिवळा. एका बाजूनं झिजलेला. माळ उजळला. गाडी उजळली.

त्यानं मान वळवली.

डोकं दिसेना.

बाई गुडघ्यांवर होती. डोकं पातेल्यात होतं. खांद्यापर्यंत. दोन्ही हात बाहेर... मनगटापासून खाली... लोंबत होते.

खर्र.

दातांनी... ती दातांनी खरवडत होती.

"ताने..."

आवाज थांबला.

"ताने, शालूच्या वाटंला जाऊ नगंस. पाया पडतो तुझ्या."

वारा नाही. रातकिडा नाही.

मग पातेल्यातून, हळू...

"भावानं दिलंय न्हवं?"

"व्हय..."

पुन्हा तेच. त्याहून हळू. लहान मूल विचारतं तसं.

"भावानंच दिलंय न्हवं?"

आणि बैल उधळले. पंचगंगेचा पूल कधी गेला, पेठेत कसे शिरले, कृष्णातला कळलं नाही. दारात गाडी थांबली तेव्हा मागं पेंडीची पोती होती आणि पातेलं होतं. बाकी कुणी नव्हतं.

झुंबरबाईंनी ऐकलं आणि मीठमोहऱ्या घेऊन शालूवरून ओवाळल्या. "सवत हाय ती. दुसरीचं बरं बघवत न्हाई मेलीला. पर भुताच्या भ्यानं देवीची आंबील चुकवायची व्हय?" पातेलं चिंच लावून घासलं, विसळलं आणि त्यातच पीठ कालवून ठेवलं. कृष्णात अंथरुणावर नुसता बसून राहिला.

सकाळी आंबील शिजली. नैवेद्याची वाटी वेगळी झाली. झुंबरबाईंनी शालूच्या हातात भरला वाडगा दिला. ती पाटावर बसली. कृष्णात रिकाम्या पातेल्याशी आला. रात्री जिथं दात फिरले होते तिथं पितळ पिवळं दिसत होतं. बाजूची कल्हई करडी पडली होती. त्यानं सहज अंगठा फिरवला.

अंगठा काळा झाला.

पुन्हा फिरवला. पुन्हा काळा.

अण्णांना तो नंतर म्हणाला, "मास्तर, तिला इजा करायची आसती तर तिनं बैलं पाडली आसती. मला धरलं आसतं. ती तर नुसती काढत हुती. जे काय हुतं ह्यात, ते काढत हुती."

शालूनं वाडगा ओठाला लावला होता. कृष्णातनं धावत जाऊन तो उडवला.

झुंबरबाईंची किंकाळी आमच्या माजघरात ऐकू आली. "परसाद पायदळी घातला रं! देवीचा परसाद!" मी आणि अण्णा धावलो. शालू पाटावर तशीच बसलेली, पोटाशी दोन्ही हात धरून. कृष्णात अंगठा पुढे करून उभा. रात्रीचं सगळं त्यानं तिथंच सांगितलं. अण्णांनी हो-नाही केलं नाही. म्हणाले, "पातेलं घे. हिलाही घे. डॉक्टरकडे चल."

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी शालूचा खालचा ओठ ओढून हिरडी पाहिली. रेघ होती. बारीक, निळी.

"मिश्री लावतेस?"

"न्हाई जी. कधीच न्हाई."

मला तानाच्या हिरड्या आठवल्या. डॉक्टरांनी पातेल्यात बोट फिरवलं, पांढऱ्या फडक्याला पुसलं. फडक्यावर काळा पट्टा. "कल्हई निव्वळ कथलाची असली तर असं काळं येत नाही," ते म्हणाले. "यात शिसं आहे, भरपूर. आंबट पडलं की ते उतरतं, रोज थोडं थोडं पोटात जातं आणि अंगात साठून राहतं. आधी पोट धरतं, मग हात धरतं. पोटातल्या पोरालाही सोडत नाही." मग शालूकडे पाहून जरा मऊ झाले. "आजपासून बंद. एक घोटसुद्धा नाही. अजून वेळ गेलेली नाही, असं धरून चालू."

मी ते शब्द पदराच्या गाठीसारखे घट्ट धरले. अजून वेळ गेलेली नाही.

त्याच दिवशी कृष्णात आणि अण्णा वडगावला गेले. गुंडू भट्टीवर होता. कृष्णातनं पातेलं त्याच्यापुढे आदळलं आणि अंगठा दाखवला.

गुंडूनं नजर चुकवली. "थोडं घालत्यात समदीच, दाजी. कथील कुठं परवडतंय आता? शिसं घातलं की पसरतंय बी झ्याक."

"समद्यांच्या भांड्यात घालतोस?"

गुंडू भाता ओढू लागला.

"बोल की."

आतल्या दारातून चिमणाबाई बोलली. कृष्णात म्हणतो, तिचा आवाज रडून बसलेला होता. "गिऱ्हाइकाच्या न्हाई घालत. गिऱ्हाईक बोट घासून बघतंय. मी किती खेपा म्हटलं ह्यांना, भैणीच्या भांड्याला तरी चोख कथील लावा..."

"आन् म्हणून तुझ्या घरात मडकं?" कृष्णातनं विचारलं.

भाता धरलेला गुंडूचा हात थांबला. निखारे मंद झाले. मग तो जे बोलला, ते सांगताना अण्णा अजून अडकित्ता खाली ठेवतात.

"भैण काय... बोट फिरवून बघती व्हय?"

कृष्णातनं हात उगारला नाही. शिवी दिली नाही. "तिनं मरताना तुझं नाव काढलंवतं," एवढंच म्हणाला. "म्हणत हुती, गुंडूदादाला बलवा, त्यो आला की मी बरी हुईन." पातेलं तिथंच टाकून दोघं परतले.

मी नवस बोलले तो त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी. झुंबरबाईही माझ्यासोबत आल्या होत्या. त्यांनी देवीकडे काही मागितलं नाही. नुसतं पायरीवर डोकं टेकून "ताने, चुकले गं" म्हणत राहिल्या. देवीवर माझा राग कधीच नव्हता. तिनं कुठं सांगितलं होतं पातेलं आण म्हणून? ती तर मडक्यातलं आनंदानं खात होती.

शालूच्या कळा हळूहळू थांबल्या. गालांवर रंग आला. आषाढात मुलगी झाली. किरकोळ होती, पण रडली ती सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी. मी हात जोडले, आणि कृष्णात दारात बसून लहान पोरासारखा रडला.

पाचवीची पूजा झाली. रात्री आम्ही बायका बाळंतिणीच्या खोलीत जागलो. दार आतून लावलेलं होतं, कडी मीच घातली होती. उजाडता उजाडता मी बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं. समोरून गुंडू येत होता. मामा ना तो. डोक्याला फेटा, हातात अंगडं-टोपडं, आणि बाळाला दूध पाजायची छोटी वाटी. नवीकोरी, आतून चांदीसारखी झळझळीत.

उंबऱ्यापाशी आला आणि थबकला.

मी मागं वळून पाहिलं.

दाराच्या बाहेरच्या फळीवर पंजा उमटला होता. छातीच्या उंचीला. शिशाच्या रंगाचा. पाचही बोटं ताठ, वर. मनगट सरळ. येणाऱ्याला "थांब" म्हणावं तसा.

गुंडूनं अंगडं-टोपडं आणि वाटी पायरीवर ठेवली आणि आल्या पावली गेला. पुन्हा कधी आला नाही. वाटीची कल्हई चोख कथलाची होती की नव्हती, ते देव जाणे. झुंबरबाईंनी ती चिमट्यानं उचलून परसात पुरली.

घरातल्या सगळ्या बायकांनी त्या पंजावर हात लावून पाहिला. कुणाचाच बसला नाही. कृष्णातनं दार राखेनं घासलं, रंधा मारला, वर रंग काढला. पंजा परत वर येतो. अण्णा पोरांना म्हणतात, "खोटं वाटतं तर उद्या दूध आणायला जा आणि पाहून या." सकाळी एकही पोर जात नाही. शालूची मुलगी मात्र आता उभी राहून त्याच दाराला धरून चालते.

मी माझा नवस फेडते आहे. यंदाही मडकं डोक्यावर घेऊन ओढ्यावर जाणार. तुमच्याही घरात कुणाला दिवस गेले असतील, आंबील लागली असेल, तर तुम्हीही रेणुकेला मडक्याचाच नवस बोला. मोठ्यानं बोला, चार जणींना ऐकू जाऊ दे. आणि पहिली पळी तानाबाईच्या नावानं तुळशीपाशी ठेवा.